वरच्या वस्तीचं खालचं पाणी

नळ दुरुस्त करणाऱ्याची आठवण लोकांना पाणी घोट्यापर्यंत चढल्यावरच होते, आणि तेव्हा नाव आठवायला सवड नसते. या माणसाला तर सगळं शहर ‘वॉशर’ म्हणूनच ओळखायचं. कारण कुठलीही तक्रार ऐकली की तो मान हलवून एकच निदान करायचा, “वॉशर गेलाय.” नळ गळतोय? वॉशर गेलाय. नळाला पाणीच नाही? वॉशर गेलाय. एकदा शेजारच्या नवराबायकोचं भांडण भिंतीपलीकडून ऐकू आलं, तेव्हाही त्यानं आपल्या बायकोला हळूच हेच सांगितलं होतं.

वॉशर मनानं सज्जन, हातानं कसबी आणि स्वभावानं भित्रा. भांडणाची नुसती चाहूल लागली तरी त्याच्या पोटात गोळा यायचा. आईवडील लवकर गेले. मोठ्या बहिणीनं, अक्कानं, त्याला वाढवलं. अक्का बसमध्ये कंडक्टर होती. तिनं “पुढे सरका” म्हटलं की बसमधलेच काय, फुटपाथवरचे लोकही दोन पावलं पुढे सरकायचे. असा आवाज घरात असल्यावर दुसऱ्या कुणी भांडायचा प्रश्नच नव्हता. ती जागा भरलेली होती. म्हणून वॉशर भांडण शिकलाच नाही.

त्या वर्षी मात्र शहराचे दिवस फिरले. मोठा कारखाना बंद पडला आणि त्यापाठोपाठ निम्मा बाजार. माणसं रिकामी झाली की आधी बोलतात आणि मग ओरडतात, तसं झालं. शहरात दोन तट पडले. एकाला ‘जुने’ म्हणायचे, दुसऱ्याला ‘नवे’. ओरडायला दोघे सारखेच. दुकानांच्या काचा फुटल्या. चौकात पोलिसांची गाडी कायमची येऊन उभी राहिली, इतकी कायमची की तिच्या सावलीत एक चांभार बसायला लागला. नगरपालिकेच्या सभेत म्हणे ठराव कमी आणि खुर्च्या जास्त फेकल्या जात होत्या.

याचा सगळ्यात जास्त त्रास कुणाला झाला असेल तर वॉशरला. कारण त्याचा धंदाच लोकांच्या घरात घुसण्याचा. तो सिंकखाली डोकं घालून पडलेला असायचा, आणि वर टीव्ही बोंबलत असायचा. घरमालक त्याच्या पायांशी बोलायचे.

“काय वॉशर, तुम्ही कुणाच्या बाजूचे? जुन्यांच्या की नव्यांच्या?”

“तुमचा ट्रॅप तुंबलाय,” आतून आवाज यायचा.

“ते असू द्या हो. पण चूक कुणाची?”

“केसांची,” वॉशर म्हणायचा आणि सिंकखालच्या वाकड्या नळीतून काळा गोळा बाहेर काढून दाखवायचा. तेवढ्यापुरती चर्चा थांबायची. पण पुढच्या घरी पुन्हा तेच. संध्याकाळी घरी आला की त्याचं डोकं पत्र्याच्या डब्यासारखं वाजत असायचं. रात्री गुडघे टेकून प्रार्थना करायला बसला, तर “हे प्रभू” म्हटल्यावर पुढचं वाक्य बातम्यांतलंच तोंडात यायचं.

त्यात खालच्या आळीत गढूळ पाणी यायला लागलं. खालची आळी म्हणजे टेकडीच्या पायथ्याची. अक्का तिथंच राहायची. आळीतल्या लोकांनी पाणी समिती काढली आणि निवृत्त अक्का तिची सचिव झाली. खरं तर ती झाली नाही. पहिल्या सभेत ती उभी राहिली आणि बाकीचे आपोआप बसले. अध्यक्ष झाले चर्चचे पाळकसाहेब. हे म्हातारे, किरकोळ अंगाचे, आणि झगा नेहमी एक बोट लांब असलेले. देवाच्या कामात आणि गटाराच्या कामात त्यांना फारसा फरक दिसत नसे. रविवारी उपासनेच्या शेवटी त्यांनी जाहीर केलं, “समितीला नळाचं काम जाणणारा माणूस हवा आहे. आपल्या मंडळीत प्रभूनं असा एक बंधू दिला आहे.”

सगळ्या माना तिसऱ्या बाकाकडे वळल्या. वॉशर खाली वाकून गीतांचं पुस्तक शोधू लागला. पुस्तक त्याच्या हातातच होतं.

“अहो, उठा आता,” बायको पुटपुटली.

“सापडत नाहीये,” वॉशर बाकाखालून म्हणाला.

नेमक्या त्याच आठवड्यात त्याला प्रियबंधू भेटला. या माणसाचं पूर्वी सोफ्यांचं दुकान होतं. कारखाना बंद पडल्यावर सोफ्यावर बसायला कुणाला फुरसत? दुकान बसलं, आणि त्या धक्क्यात त्याला जगाचा अंत दिसला. समोर येईल त्याला तो ‘प्रिय बंधू’ म्हणायचा, म्हणून लोकांनी त्याचंच नाव प्रियबंधू ठेवलं. तो लबाड नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. तो खरोखर घाबरलेला होता. आणि घाबरलेल्याचं बोलणं घाबरलेल्याला लगेच पटतं. आवाज मात्र त्याचा दुकानातलाच राहिला होता. मऊ, फुगीर, ऐकणारा बसल्या जागी आत रुतत जाईल असा.

“पेटलेल्या घराला रंग देत बसू नका, प्रिय बंधूंनो,” तो मैदानात सांगत होता. “बाहेर पडा. वर चला. जिथं बातमी पोचत नाही तिथं देवाचा आवाज ऐकू येतो.”

टेकडीवर एक जुनं आरोग्यधाम बंद पडलेलं होतं. लांबलचक व्हरांडा, ओळीनं खोल्या, प्रत्येक खोलीत एक लोखंडी पलंग आणि भिंतीवर खुंटी. ते भाड्यानं घेऊन तिथं जगापासून दूर, प्रार्थनेत राहायचं, असा त्याचा बेत होता. नियम दोनच. वर्तमानपत्र, रेडिओ, टीव्ही नाही. आणि समिती, सभा, मतदान यांचं नाव नाही.

दुसरा नियम ऐकल्यावर वॉशरचे डोळे भरून आले.

घरी बायको चादरीच्या घड्या घालत होती. ती इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होती. जगातली घाण रोज तिच्या हाताखालून जायची आणि पांढरी होऊन बाहेर पडायची. त्यामुळे तिला जगाची फारशी भीती वाटत नसे.

“टेकडीवर जायचं म्हणतोय,” वॉशर म्हणाला.

“फिरायला?”

“राहायला.”

“आणि तिथं करायचं काय?”

“प्रार्थना.”

“मग इथं कोण अडवतंय?”

“इथं शांतता नाही गं. डोळे मिटले की शेजारचा टीव्ही ऐकू येतो.”

“मग शेजाऱ्यासाठीच प्रार्थना करा. आयता विषय मिळतोय.”

 बायकोनं त्याच्याकडे नीट पाहिलं. हा माणूस महिनाभर धड झोपला नाही, जेवताना दारावर थाप पडली तरी दचकतो, हे तिला दिसत होतं. तिनं चादर बाजूला ठेवली.

“मी येते. पण नोकरी सोडणार नाही. सकाळी उतरेन, संध्याकाळी चढेन. आणि एक सांगा, तिथं वर नळ आहेत?”

“असतील की.”

“मग देवच तुमचं भलं करो.”

अक्काला सांगायला तो गेला तेव्हा ती अंगणात फडक्यातून पाणी गाळत होती. फडक्यावर चहाच्या रंगाचा चिखल साचला होता.

“पळतोयस,” ती म्हणाली.

“पळत नाही अक्का. जगापासून वेगळा होतोय.”

“पुढच्या दारानं उतर नाहीतर मागच्या. स्टॉप तोच असतो.” मग ती जरा नरमली. “स्वेटर ने. वर गार असतं.”

वरची पहिली सकाळ वॉशर जन्मभर विसरला नाही. घंटा झाली. सगळे व्हरांड्यात जमले. समोर धुकं, आणि धुक्याखाली शहर. दिसत नव्हतं, ऐकू येत नव्हतं. कुणीतरी हलक्या आवाजात गीत सुरू केलं. वॉशरनं डोळे मिटले आणि कितीतरी दिवसांनी त्याला “हे प्रभू”च्या पुढचं वाक्य सुचलं. “मी इथं आहे,” तो म्हणाला. एवढंच. पण त्याचे खांदे कानांपासून खाली आले.

इतक्यात त्या खांद्यावर कुणीतरी बोट ठेवलं. प्रियबंधू होता.

“प्रिय बंधू, तुम्ही नळाचं काम करता ना? स्त्रियांच्या स्नानगृहात एक लहानशी अडचण आहे.”

आरोग्यधामाचे नळ आरोग्यधामापेक्षाही आजारी होते. टाकीला भेग, पाइपांना गंज, पंपाला दमा. बाकीचे सगळे प्रार्थनेला गुडघे टेकायचे तेव्हा वॉशर कुठल्या तरी मोरीत पाठीवर पडलेला असायचा. गीताचे सूर त्याला पाइपातून ऐकू यायचे, तेही घशात पाणी अडकल्यासारखे. दहा घरांचं काम सोडून तो वर आला होता. इथं तीस खोल्यांचं एकट्याच्या गळ्यात पडलं.

तेही त्यानं सोसलं असतं. पण पाणी कमी होतं, आणि जिथं पाणी कमी तिथं माणसाचा स्वभाव तळाशी दिसतो. टाकी दिवसातून एकदाच भरायची. निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंचं म्हणणं, पाणी सकाळी सोडावं. शुचिर्भूत होऊन प्रार्थनेला बसावं. बँकेतून निवृत्त झालेल्या कॅशियरचं म्हणणं, संध्याकाळी सोडावं; दिवसभराचा घाम अंगावर घेऊन झोपणं हे पाप नसलं तरी पापासारखंच लागतं. बघता बघता वस्तीत ‘सकाळचे’ आणि ‘संध्याकाळचे’ असे दोन पक्ष झाले. सभेला बंदी होती, म्हणून ‘सहविचार’ होऊ लागले. मतदानाला बंदी होती, म्हणून ज्यांना पवित्र आत्म्यानं सकाळ सुचवली आहे त्यांनी डावीकडे बसावं, असं ठरलं. समितीला बंदी होती, म्हणून ‘जलसेवक मंडळ’ निघालं, आणि त्यात कोण असावं यावरून बाई आणि कॅशियर एकमेकांशी बोलेनासे झाले. बोलायचं झालं तर प्रार्थनेतून बोलायचे. बाई डोळे मिटून म्हणायच्या, “प्रभू, काही जणांना आळस सोडायची बुद्धी दे.” कॅशियर लगेच, “आणि काही जणांना शाळा सुटलीये हे कळू दे, आमेन.”

एकदा वॉशर मोरीत पडलेला असताना दारातून कॅशियरचा आवाज आला, “वॉशर, तुम्ही कुणाच्या बाजूचे?”

वॉशर मोरीत आणखी आत सरकला. मग म्हणाला, “तुमचा ट्रॅप तुंबलाय.”

त्या संध्याकाळी बायको टेकडी चढून आली तेव्हा तो पायरीवर बसला होता. “इथंही तेच आहे गं,” तो म्हणाला.

“माणसंच आणलीत ना वर? मग काय, परी निघणार त्यातून?” ती पायांचे तळवे दाबत म्हणाली. “खाली आज पुन्हा पिवळं पाणी आलं. इस्पितळात जुलाबाची लेकरं आलीत. चादरींचा ढीग पडलाय.”

“बातम्या सांगायच्या नाहीत, असा नियम आहे,” वॉशर क्षीण आवाजात म्हणाला.

“ही बातमी नाही, माझं काम आहे.”

पुढची अडचण जास्त नाजूक होती. आरोग्यधामाची मैल्याची टाकी भरली. ती कित्येक वर्षांपूर्वी तीस रोग्यांसाठी बांधलेली. रोगी बिचारे खात कमी. इथं धडधाकट भक्त होते. चेंबरचं झाकण वर उचललं जाऊ लागलं आणि प्रार्थनेत उदबत्त्यांचं प्रमाण वाढलं.

वॉशर प्रियबंधूकडे गेला. “टाकी उपसायला नगरपालिकेची गाडी बोलवावी लागेल. नाहीतर खालच्या मुख्य गटाराला जोडणी मागावी लागेल. अर्ज करावा लागेल.”

‘नगरपालिका’ म्हटल्याबरोबर प्रियबंधूनं डोळे मिटले. “जगाचे दरवाजे आपण बंद करून आलो आहोत, बंधू. दुसरा मार्ग नाही?”

“मागच्या उतारावरून पाइप सोडता येईल. पण ते पाणी खाली जाईल.”

“खाली म्हणजे?”

“म्हणजे... खाली.”

“खाली जगच आहे,” प्रियबंधू मऊपणे म्हणाला. “जगाला त्याची सवय आहे.”

हे वाक्य वॉशरच्या घशाखाली उतरलं नाही. पण नाही म्हणायचं तर वाद आला, आणि वाद नको म्हणून तर तो इथं आला होता. त्यानं स्वतःची समजूत घातली. उतार लांब आहे, माती भुसभुशीत आहे, जमीन पिऊन टाकेल. दोन दिवसांत त्यानं पाइप टाकला. काम मात्र नेहमीसारखं चोख. प्रत्येक सांधा घट्ट आवळून त्यावर निळ्या रंगाचा पट्टा, कारण तपासलेल्या सांध्यावर निळा पट्टा मारायची त्याची जुनी सवय होती. पाइपाचं दुसरं टोक झुडपांत कुठं उघडतं हे पाहायला मात्र तो गेला नाही. “गुडघा दुखतोय,” असं त्यानं बायकोला सांगितलं. बायकोनं गुडघ्याकडे पाहिलं, त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि दिवा मालवला.

वास गेला. प्रियबंधूनं त्याबद्दल देवाचे आभारही मानले.

नंतरच्या एका रविवारी व्हरांड्यात उपासना चालू होती. प्रियबंधू खालच्या तहानलेल्या, मलिन जगासाठी प्रार्थना करत होता. सगळ्यांचे डोळे मिटलेले. त्या शांततेत मागून आवाज आला, “पुढे सरका!”

सगळी मंडळी डोळे न उघडताच उठून दोन पावलं पुढे सरकली आणि पुन्हा बसली. प्रियबंधू कठड्याला जाऊन टेकला.

दारात अक्का उभी होती. एका हातात झाकलेली बादली, दुसरा हात कमरेवर, धाप लागलेली. ती सरळ मधून चालत आली, बादली प्रियबंधूच्या समोर ठेवली आणि झाकण काढलं.

पहिल्या रांगेतल्या मुख्याध्यापिकाबाई झटकन उठून संध्याकाळच्या पक्षात जाऊन बसल्या.

“हे माझ्या अंगणातलं,” अक्का म्हणाली. “रोज येतं. सकाळी जरा जास्तच.”

कॅशियरनं बाईंकडे सूचक नजरेनं पाहिलं.

प्रियबंधूनं रुमाल नाकाला लावला. “भगिनी, आम्ही या जगाची घाण मागे सोडून आलो आहोत.”

“मागे सोडलीत खरी, पण माझ्या दारात. आणि ही जगाची नाही हो, तुमचीच आहे. ओळखत नसाल तर जवळून बघा.”

मागच्या बाकावर वॉशर गीतांचं पुस्तक शोधायच्या बेतात होता. पण अक्कानं त्याला हेरलं. तिचा आवाज एकदम खाली आला, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं.

“पाइप बघून आले मी. सांध्यासांध्यावर निळा पट्टा. काम झकास केलंयस रे. वाटेत एक थेंब गळत नाही. सगळं माझ्या दारात येतं.”

कुणीतरी हसलं. ती त्याची बायको होती. पण हसता हसता तिचे डोळे ओले झाले होते, आणि ती नवऱ्याकडे पाहत नव्हती, नणंदेच्या चिखलानं भरलेल्या पायांकडे पाहत होती. ती उठली, स्वच्छ पाण्याचा तांब्या आणि फडकं घेऊन आली, आणि अक्काला पायरीवर बसवून तिचे पाय धुवायला लागली.

“अगं सोड,” अक्का म्हणाली.

“बसा हो ताई. प्रभूनं सुद्धा शिष्यांचे पायच धुतले होते. टेकडी भाड्यानं घेतली नव्हती.”

हे ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, चादरीचा डाग दाखवावा तशी. पण व्हरांड्यात कुणाला पुढचं गीत सुचेना.

वॉशर उठला. पाना घेतला आणि मागच्या उतारावर गेला. या वेळी गुडघा दुखला नाही. पाइपाच्या बाजूनं तो उतरत राहिला, झुडपं संपेपर्यंत. तिथून अक्काचं घर दिसत होतं. अंगणातली दोरी तिनं सोडून वर गच्चीत बांधली होती. दारासमोर विटा टाकून पायवाट केली होती. शेजारच्या घराच्या खिडक्या भर दुपारी घट्ट बंद होत्या. वारा वरून खाली वाहत होता. म्हणून इतके दिवस वर कुणाला काही कळलं नव्हतं. त्याला गुडघे टेकावेसे वाटले, पण टेकण्यासारखी कोरडी जागाच नव्हती. तो उभ्यानंच म्हणाला, “प्रभू, हे मी केलं.” मग वर चढून त्यानं पाइपाचा व्हॉल्व्ह आवळून बंद केला.

साहजिकच दुसऱ्या सकाळी वर हाहाकार उडाला. प्रियबंधू धावत आला.

“बंधू, तो पाइप उघडा!”

“नाही उघडणार,” वॉशर म्हणाला. आपण असं बोललो याचं त्यालाच इतकं नवल वाटलं की पुन्हा एकदा म्हणून पाहिलं. “नाही उघडणार. पोटात गोळा येतोय, पण नाही उघडणार.”

“मग आम्ही करायचं काय?”

“जोडणी मागायची. मुख्य गटार खालच्या आळीतून जातं. आळीच्या समितीची संमती लागेल. परवा शाळेत सभा आहे.”

“सभा?” प्रियबंधूचा आवाज पहिल्यांदाच कडक झाला, सोफ्याची लाकडी चौकट हाताला लागावी तसा.

सभेला वरची मंडळी एका रांगेत टेकडी उतरून आली. सभा बालवर्गात होती. बाक इतके लहान की प्रियबंधूचे गुडघे कानांपर्यंत आले. भिंतीवर मुलांनी रंगवलेले हत्ती. समोर पाळकसाहेब अध्यक्ष, शेजारी सचिव अक्का. जुने एका बाजूला, नवे दुसऱ्या बाजूला, आणि वरच्यांना पाहिल्यावर दोघेही एकत्र ओरडायला लागले. शहरात वर्षभरात झालेली ती पहिली एकजूट.

“बोलायचं त्यांनी हात वर करायचा!” अक्का गरजली.

पहिला हात वॉशरचा वर गेला. तो उभा राहिला.  त्यानं हत्तीकडे पाहिलं.

“ते पाणी मी सोडलं,” तो म्हणाला. “या प्रियबंधूंनी सांगितलं हे खरं. पण यांना पाइप टाकता येत नाही. मला येतो. मला माहीत होतं ते खाली जाणार. भांडण नको म्हणून मी गप्प बसलो. देव भेटेल म्हणून वर गेलो होतो, आणि खोटं नाही सांगत, थोडा भेटलाही. पण मग मी त्याच्या नावावर बहिणीच्या अंगणात...” पुढचा शब्द त्याला चर्चच्या माणसांसमोर उच्चारवेना. “तुम्ही काय बोलायचं ते बोला. मी बाकाखाली जाणार नाही. तसाही मावणार नाही.”

काही जण बोलले. बरंच बोलले. अंगणातल्या वासापासून सुरुवात करून त्याच्या सात पिढ्यांपर्यंत गेले. वॉशर उभाच होता. आणि त्याला एक विलक्षण गोष्ट जाणवली. लोक ओरडत होते, आणि तो मरत नव्हता. पोटात गोळा होता, पण नुसता गोळाच होता.

सगळ्यांचा घसा बसल्यावर पाळकसाहेब उठले, झग्यात पाय अडकून परत बसले, आणि बसूनच म्हणाले, “आता पाइप कसा जोडायचा ते ठरवू या.”

ठरलं ते असं. वरच्यांना जोडणी द्यायची, पण चर खणायला वरच्यांनी उतरायचं. आणि त्याच चरात गढूळ पाण्याची जुनी वाहिनीही उघडून पाहायची. नगरपालिकेत परवानगीसाठी दोघातिघांनी जायचं, आणि जोडणी होईपर्यंत टाकी उपसायला तिथलीच गाडी मागवायची. ठराव मताला टाकला तेव्हा प्रियबंधूलाही हात वर करावा लागला. त्यानं तो खांद्यापर्यंतच नेला, पण अक्कानं मोजला.

पुढचे काही आठवडे शहराला फुकटची करमणूक होती. मुख्याध्यापिकाबाई आणि कॅशियर एकाच चरात फावडी मारत होते, आणि खणायचं सकाळी की संध्याकाळी यावर वाद घालत होते. प्रियबंधूच्या हाताला फोड आले. त्यानं कुरकुर केली नाही. तिसऱ्या दिवशी त्याला आळीतल्या एका घरातून जेवायला बोलावणं आलं, आणि तो गेलाही. तिथला मोडका सोफा पाहून त्याला राहवलं नाही. उलटा करून त्यानं त्याच्या स्प्रिंगा नीट केल्या. घरची म्हातारी आरामात टेकून बसली, तेव्हा त्याचा चेहरा असा फुलला की व्हरांड्यात कधी फुलला नव्हता.

जुनी वाहिनी उघडली तेव्हा ती मध्येच तडकलेली निघाली. ती बदलली, आणि खालच्या आळीच्या निम्म्या घरांना स्वच्छ पाणी आलं. उरलेल्या निम्म्यांना आलं नाही. त्यांची वाहिनी मोठ्या रस्त्याखालून जाते, आणि रस्ता फोडायची परवानगी द्यायला नगरपालिकेत एकमत लागतं. ते अजून व्हायचंय. शहरातली भांडणंही काही मिटली नाहीत. कारखाना बंदच आहे. वरच्या वस्तीत काही कुटुंबं अजून राहतात. रविवारी खालचे काही लोकही शांततेसाठी तिथं जाऊन बसतात. वॉशरसुद्धा जातो. दुपारपर्यंत बसतो, डोळे मिटतो, आणि मग उतरतो. “वर जायला हरकत नाही,” तो बायकोला म्हणतो. “फक्त तिथून खाली पाइप सोडायचा नाही.”

समितीत त्याला घेतलं गेलं, ते त्याच्या संमतीशिवाय. त्या दिवशी तो पाळकसाहेबांकडचा फ्लश दुरुस्त करत होता. सभा त्याला आजही आवडत नाहीत. चहा गार असतो, मुद्दा एक असतो आणि बोलणारे अठरा. जुने आणि नवे आपापल्या बाजूला बसतात आणि मोठ्या रस्त्यावरून वाद घालतात. पण तो प्रत्येक सभेला जातो, पहिल्या बाकावर बसतो, आणि “तुम्ही कुणाच्या बाजूचे?” असं कुणी विचारलं तर “ज्यांच्याकडे गढूळ येतं त्यांच्या,” असं सांगतो. त्यावरूनही लोक भांडतात. भांडू देत, असं तो म्हणतो.

परवाच्या सभेत पाळकसाहेबांचा घसा बसला होता. “आज सुरुवातीची प्रार्थना वॉशरनं करावी,” असं त्यांनी खुणेनं सांगितलं. वॉशर उठला. सगळ्यांनी माना खाली घातल्या.

“हे प्रभू,” तो म्हणाला. “रस्त्यापलीकडच्या घरांना पाणी मिळू दे. आम्हाला एकमेकांचं ऐकू येऊ दे. आणि आज तरी जेवायच्या आत सोड.”

“आमेन!” जुने आणि नवे एका आवाजात म्हणाले. अक्कानं घंटी वाजवली आणि पहिला विषय वाचायला घेतला.